सतरंज्या कोणी उचलायच्या?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्ता, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार अशी श्रोत्यांची खात्री असते, आणि ती बहुधा खोटी ठरत नाही. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारींची शर्यत, आणि तिच्यासाठी सभागृहात अंथरायचा गालिचा." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती ठीक आहे. हा विषय आम्ही हौसेने शोधलेला नाही. तो अर्जाच्या रूपाने आमच्या युनियनच्या दारात आला. त्या अर्जाचे पुढे सांगूच. आधी खेळ काय आहे ते समजून घेऊ, कारण ज्या गोष्टीला 'पोरखेळ' म्हणून आपण हसतो तिची कधी कधी आपल्याला माहितीच नसते.

एका हातात मावेल एवढी, खऱ्या मोटारीच्या एक दशांश किंवा एक द्वादशांश आकाराची गाडी असते. तिच्यात बॅटरी, विजेची मोटर, सुकाणू फिरविणारे छोटे यंत्र आणि रेडिओचा ग्राहक बसविलेला असतो. चालक गाडीत नसतो. तो मैदानाच्या कडेला उंच फळीवर उभा असतो आणि हातातल्या प्रक्षेपकाने गाडीला वळवतो, पळवतो, थांबवतो. एका फेरीत आठ-दहा गाड्या सोडतात. पाच मिनिटे किंवा आठ मिनिटे शर्यत चालते आणि तेवढ्या वेळात ज्याच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. एवढाच खेळ. परंतु या गाड्या ताशी ४०–५० किलोमीटर वेग सहज घेतात. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. वीस मीटरांची सरळ वाट दीड-पावणेदोन सेकंदांत संपते आणि लगेच वळण येते. गाडी आपल्याकडे तोंड करून येत असली की डावे-उजवे उलटे होते, हे वेगळेच. तेव्हा हसणाऱ्याने एकदा फळीवर उभे राहून पाहावे.

तारेवाचून दुरून यंत्र चालविण्याची कल्पना फार जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक लहानशी नाव अशी चालवून दाखविली होती. मोटारीपर्यंत ही विद्या पोचायला १९६० चे दशक उजाडावे लागले. १९६६ च्या सुमारास इटलीतल्या एल-जी नावाच्या खेळणी-कंपनीने फेरारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती विक्रीस काढली. आरंभीच्या शर्यतीच्या गाड्या बहुतेक इंधनाच्या. त्यांचा धूर आणि कर्कश आवाज घरात सोसणारा नव्हे. पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी स्वस्त झाली तेव्हाच गाडीला छपराखाली प्रवेश मिळाला. जपानात तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ ही पहिली रेडिओ-गाडी आणली. ही कंपनी १९४६ साली लाकडाचा धंदा म्हणून सुरू झाली होती हे ऐकून आमच्या सुतार मित्रांना बरे वाटेल. इंग्लंडात लेस्टर शहरी मारडेव्ह नावाच्या छोट्या कारखान्याने साध्या, दणकट आणि खिशाला परवडणाऱ्या गाड्या बनविल्या. जवळच नॉर्दॅम्प्टनला सेसिल शूमाकर हा मोटारींच्या कारखान्यातला यंत्रज्ञ होता. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी अंतर जावे लागते. त्यासाठी त्याने १९८० च्या सुमारास पोलादी गोळ्यांचा एक सुटसुटीत डिफरेन्शियल काढला. एक स्क्रू पिळून त्याची घट्ट-सैल पकड बदलता येते. पुढे जगभरच्या गाड्यांत तो गेला. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला विजेच्या एक द्वादशांश गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. इतिहास इथेच पुरे. आम्हांला गालिच्याकडे यायचे आहे.

इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा म्हणजे चार-पाच महिने पाऊस, बर्फ आणि दुपारी चारला अंधार. मैदानावरचा खेळ बंद. मग क्लबातली मंडळी शाळेची व्यायामशाळा किंवा चर्चचा हॉल एका दिवसापुरता भाड्याने घेतात. पण तिथली जमीन गुळगुळीत लाकडी, चेंडूच्या खेळासाठी घोटलेली. तिच्यावर ही गाडी साबणावरून घसरावी तशी घसरते आणि वर शाळेच्या जमिनीला ओरखडे पडतात. म्हणून गालिचा. चाकाला पकड मिळते, जमीन वाचते, आणि रात्री गुंडाळून नेला की सोमवारी सकाळी मुले तिथे कवायत करायला मोकळी.

गालिचा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काश्मीरचा किंवा मिर्झापूर-भदोहीचा गाठींचा गालिचा येतो. तो इथे उपयोगाचा नाही. लोकर उभी राहिली की छोट्या चाकाला ती गवतासारखी अडते. फासे असलेला गालिचाही नको, कारण फासा एकदा टायरच्या कडेत अडकला की धागा ओढला जातो आणि आसाभोवती गुंडाळून बसतो. आणि आपली सुती सतरंजी? तीही नको. ती सरकते, तिच्यावर चुण्या पडतात, शिवाय तिची आडवी वीण चाकाला खडबडीत लागते.

या खेळाला लागतो तो न विणलेला गालिचा. गिरणीत वय घालविलेल्या माणसाला याची गंमत वाटेल. याला ताणा नाही, बाणा नाही, साचा नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर यांचे तुटक तंतू कार्डिंगवर विंचरतात, त्यांचे पातळ पदर एकावर एक रचून जाड थर करतात, आणि मग तो थर सुयांच्या यंत्राखालून नेतात. या यंत्राच्या फळीत हजारो सुया असतात आणि प्रत्येक सुईच्या अंगाला उलट्या काट्यांच्या खाचा असतात. फळी खाली आली की त्या खाचा वरचे तंतू खाली ओढून नेतात, आणि हजारो वेळा असे भोसकल्यावर तंतू एकमेकांत इतके गुंततात की विणीवाचून कापड उभे राहते. वर केस आखूड, अंग दाट, फासा नाही. हे काही परदेशी नवल नव्हे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या पायाखाली जो लाल किंवा हिरवा पातळ पट्टा अंथरतात तो याच जातीचा. तो फार पातळ आणि हलका, चार वेळा वापरला की त्याचा भुसा निघतो. शर्यतीचा गालिचा याहून जाड आणि घट्ट असतो. जात मात्र तीच.

आम्ही २०१८ च्या हिवाळ्यात शिवणकामगारांच्या परिस्थितीची माहिती घेण्यासाठी लेस्टरला गेलो होतो. ज्या कामगाराच्या घरी उतरलो तो रविवारी सकाळी साडेसात वाजता एका शाळेत निघाला होता, आम्हीही गेलो. तिथे जे पाहिले त्याचा हिशेब सांगतो. हॉलमध्ये साधारण २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद जागा मोकळी मिळत होती. गालिच्याचा पन्हा २ मीटर. म्हणजे २४ मीटरांचे सहा पट्टे. एका पट्ट्याचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. चौरस मीटरला सहाशे ग्रॅम वजन धरले तरी एक गुंडाळी २९ किलोंची होते. दोन माणसांनी खांद्यावर घ्यायची वस्तू. ती कोठाराच्या अरुंद दारातून, जिन्याच्या वळणावरून, न दुमडता आणायची. दुमडली तर घडीची खूण कायमची राहते.

अंथरण्याला क्रम आहे. आधी झाडणे. जमिनीवर खडा राहिला तर गालिच्याखाली त्याची टेकडी होते. या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच मिलिमीटरांवर असते, म्हणून पाच मिलिमीटरांची चुणी ही तिच्या दृष्टीने रस्त्यात टाकलेली फरशी आहे. मग जिथे आरंभरेषा येणार तिथे जमिनीवर दोन बारीक तारा, एकमेकींपासून वीतभर-दीड वीत अंतरावर, आडव्या चिकटवितात. प्रत्येक गाडीत एक लहानशी चकती असते आणि ती आपला क्रमांक सतत सांगत असते. गाडी तारांवरून गेली की संगणकावर तिची फेरी सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत नोंदली जाते. या तारा गालिच्याच्या आधी घालायच्या; नंतर आठवण झाली तर पट्टा उचलावा लागतो. मग दारापासून दूरच्या भिंतीला पहिला पट्टा. सगळ्या पट्ट्यांचे केस एकाच दिशेला वळलेले हवेत. एक पट्टा उलटा पडला तर गाडी सांध्यावरून जाताना तिची पकड एकदम बदलते. पट्टा उलगडला की पाच-सहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि पाय न उचलता, फरपटत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातात. पुढे चुण्या पळतात आणि टोकाशी विरतात. वारीत पावली खेळतात त्याची आम्हांला आठवण झाली, फक्त टाळ नव्हते. सहा पट्ट्यांचे पाच सांधे, प्रत्येकी २४ मीटर. म्हणजे १२० मीटर कापडी चिकटपट्टी. ती जमिनीला डिंक सोडणारी नसावी, नाही तर शाळेचा रखवालदार पुढल्या रविवारी किल्ली देत नाही. खेळाचे पंच अनेक असतात, पण त्या रखवालदाराच्या निकालावर अपील नव्हते.

मग वाटा आखतात. १२ मीटर रुंदीत तीन-तीन मीटरांच्या चार वाटा बसतात आणि नागमोडी एक फेरी ८५–९० मीटरांची होते. कडेला लाकडाच्या बुटक्या पट्ट्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या ठेवतात. वळणाच्या आतल्या टोकाला बशीसारखी चपटी टिकली ठोकतात, म्हणजे कोणी कोपरा कापून गेला तर त्याची गाडी उडते आणि लोभाची शिक्षा जागच्या जागी मिळते. चालकांच्या उभे राहण्याची फळी अशा ठिकाणी हवी की कोणाच्याही गाडीला खांबाचा आडोसा येऊ नये. पळून जाण्याची दारे गालिच्याने अडवायची नाहीत. गाड्या दुरुस्त करायची टेबले वेगळ्या बाजूला, आणि तिथल्या विजेच्या तारांचा भार आधी मोजायचा; तीस जणांनी एकाच खुंटीवर तीस चार्जर लावले तर शर्यत अंधारात करावी लागेल. टायरला पकड यावी म्हणून एक द्रव चोळतात. शाळेच्या हॉलमध्ये वास नसलेलाच चालतो. दिवसभर हा द्रव आणि झिजलेले रबर गालिच्यात मुरते, तसतशी पकड वाढते. सकाळी घसरणारी गाडी संध्याकाळी वळणावर इतकी चिकटते की बाजूवर उलटून पडते. सकाळी जमविलेली गाडी दुपारी पुन्हा जमवावी लागते.

आता या खेळाच्या ज्या भागाने आम्हांला बांधून ठेवले तिकडे वळतो.

गाडी उलटली तर ती सरळ कोण करणार? चालक फळीवर अडकलेला. त्यासाठी प्रत्येक वळणावर एक माणूस उभा असतो. त्याला मार्शल म्हणतात. हा माणूस कोण? नोकर नव्हे, स्वयंसेवकही नव्हे. नुकतीच जी फेरी संपली तिच्यातले चालक हेच पुढच्या फेरीचे मार्शल. पाच मिनिटे तू पळ, पाच मिनिटे दुसऱ्याची गाडी उचल. गाडी टेबलावर ठेवायची, अंगावर रंगीत बंडी चढवायची, आणि आपल्या क्रमांकाच्या वळणावर जाऊन उभे राहायचे. आधी येणाऱ्या गाड्यांकडे पाहायचे, मग वाकायचे. पडलेली गाडी उचलून जिथे पडली तिथेच, कोणाच्या वाटेत येणार नाही अशी ठेवायची. मित्राची आधी आणि भांडणाऱ्याची नंतर असा भेद करायचा नाही. आणि जो मार्शलच्या जागी गेला नाही त्याची त्या दिवशीची सर्वांत चांगली फेरी पुष्कळ क्लबांत खोडून टाकतात. पैसे भरून यातून सुटता येत नाही.

आम्ही पाहिले त्या दिवशी सर्वांत वेगवान चालक, ज्याच्याकडे हजारो पौंडांची सामग्री होती, आपली फेरी जिंकून खाली उतरला आणि पुढच्या मिनिटाला तिसऱ्या वळणावर उभा राहून बारा वर्षांच्या एका नवख्या मुलीची सारखी उलटणारी गाडी सरळ करीत होता. सात वेळा, आम्ही मोजले. पुढच्या फेरीला ती मुलगी मार्शल होती.

पूर्वी ही देवाणघेवाण याहूनही जास्त होती. संगणक येण्याआधी फेऱ्या माणसेच कागदावर मोजत. एकाने दुसऱ्याच्या मोजायच्या. रेडिओचे तर आणखी मजेचे. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गाड्यांसाठी ठरलेले रंग होते: तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. एकाच रंगाचे दोघांनी एकदम बटण दाबले तर एकाची गाडी दुसऱ्याचे ऐकू लागे आणि भिंतीवर जाऊन फुटे. म्हणून एका फळीवर रंगीत चिमटे लावलेले असत. आपल्या रंगाचा चिमटा हाती आल्याशिवाय प्रक्षेपक सुरू करायचा नाही. एकेरी रेल्वेमार्गावर टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढीत नसे, तसेच हे. गेल्या वीसेक वर्षांत २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे आली. ती आपली आपण मोकळी जागा शोधतात. चिमट्यांची फळी गेली. सोय झाली हे खरेच, आणि सोयीविरुद्ध गाऱ्हाणे करणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण बटण दाबण्याआधी शेजाऱ्याला विचारण्याचे कारणही तिच्याबरोबर गेले.

पैशाचा जोर आवरण्याची यांची युक्तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. जिथे मोटर ज्याची-त्याची तिथे श्रीमंत पुढे जाणार. म्हणून बहुतेक क्लब एक वर्ग असा ठेवतात की ज्यात मोटरीच्या तारेचे वेढे ठरलेले, साडेसतरा किंवा साडेएकवीस. वेढे जास्त तर वेग कमी. टायर सर्वांना एकाच जातीचे. वेग-नियंत्रकाच्या आत संगणकी चलाखीने मोटरीला जास्त जोर देता येतो, तीही बंद. आणि ती खरोखर बंद आहे याची खूण म्हणून नियंत्रकावरचा दिवा लुकलुकत राहिला पाहिजे. शर्यतीआधी तपासनीस फक्त दिवा पाहतो. कारखान्यातल्या उत्पादन-बोनसच्या हिशेबालाही असा एखादा लुकलुकणारा दिवा बसविता आला असता तर आमची निम्मी भांडणे वाचली असती.

परंतु त्या लेस्टरच्या क्लबात एक गोष्ट ठीक नव्हती, आणि ती सांगितल्याशिवाय हे वर्णन पुरे होणार नाही. शर्यतीला तीसच्या वर माणसे होती. सकाळी गालिचा अंथरायला सहा. त्यांतला एक सत्तरीचा, गुडघा धरून चालणारा. नऊ वाजता, शेवटची चिकटपट्टी लागल्यावर, बाकीचे हातात कॉफी घेऊन आले. रात्रीही तेच सहा. आमच्या यजमानाने सांगितले की पाच वर्षांपूर्वी दहा होते. लवकर येणाऱ्यांना प्रवेशशुल्कात सवलत देऊन पाहिली. काही महिने गर्दी झाली, मग बाकीच्यांनी विचार केला की आपण पूर्ण शुल्क भरतो, म्हणजे आपण अंथरण्याचे पैसे दिलेच आहेत. सवलतीने त्या कामाची किंमत ठरली, आणि किंमत ठरली की ती देऊन मोकळे होणाराही निघतो.

आपल्याकडे सभा-संमेलनांत राबणाऱ्या सामान्य माणसाला 'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' म्हणतात. कधी कौतुकाने, बहुधा कीव करून. निवडणुकीचे तिकीट दुसऱ्याला आणि सतरंजी याला. आमच्या चळवळीत हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. वर्गणी सगळे भरतात. गेट-सभेची पत्रके वाटायला, रात्री फलक रंगवायला, न्यायालयाच्या तारखेला फाईल घेऊन बसायला मात्र ठरलेले चार. आम्ही याचे खापर नेहमी माणसांच्या वृत्तीवर फोडीत आलो: तरुणांना तळमळ नाही, पूर्वीचे लोक राहिले नाहीत, वगैरे. त्या दिवशी एकाच हॉलमध्ये, त्याच माणसांत, दोन कामे आमच्यासमोर होती. मार्शलचे काम एकही माणूस चुकवीत नव्हता आणि गालिच्याचे काम बहुतेक सगळे चुकवीत होते. वृत्ती तर तीच होती. फरक इतकाच की मार्शलचे काम खेळाच्या क्रमातच ओवलेले होते: तुझी फेरी, मग तुझी पाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गालिचा मात्र ज्याच्या-त्याच्या भलेपणावर सोडलेला होता.

आता आमच्या दारातला अर्ज. आमच्या युनियनच्या कचेरीमागे एक सभागृह आहे, १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. गेल्या दिवाळीनंतर काही तरुण कामगारांनी लिहून दिले की महिन्यातून दोन रविवार हॉल द्या, आम्ही गालिचा अंथरून या गाड्या पळवू. त्यांत निम्मे कंत्राटी आहेत. कार्यकारिणीत लगेच दोन तट पडले. कॅरमची मंडळी म्हणाली, आमची बोर्डे कुठे जायची? भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, "साहेब, तो गुरगुराट पेटीच्या सुरात मिसळेल." एक जुने सभासद फार रागावले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभारली, १८९० साली रविवारची सुटी मिळविली, ती काय पोरांनी खेळणी पळवावी म्हणून, असा त्यांचा सवाल होता. आम्ही त्यांना म्हटले, "दादा, सुटी मिळाली ती मालकाच्या मनाप्रमाणे घालवायला नव्हे, तशी आपल्याही मनाप्रमाणे घालवायला नव्हे. ज्याची सुटी त्याने ठरवावे." इंग्लंडात १८५० च्या कायद्याने बायका-मुलांसाठी गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या आणि शनिवार दुपारचा फुटबॉल त्या मोकळ्या वेळात वाढला. तेव्हाही कोणीतरी रागावले असेलच.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आम्ही झटकून टाकीत नाही. शर्यतीची चांगली नवी गाडी, रेडिओ, बॅटरी आणि चार्जर यांत कंत्राटी कामगाराचे दोन-तीन महिन्यांचे वेतन सहज जाईल. ज्याच्या घरी मुलांची फी थकली आहे त्याला आम्ही हे सुचविणार नाही. यावर आमचे म्हणणे असे: कॅरम खेळायला कोणी घरून बोर्ड आणीत नाही. बोर्ड मंडळाचे, सोंगट्या मंडळाच्या. तशाच चार-सहा साध्या, एकाच जातीच्या गाड्या मंडळाच्या असाव्यात, आणि ज्याची स्वतःची गाडी आहे त्यानेही निम्म्या फेऱ्या मंडळाच्या गाडीने कराव्यात. मोडतील त्या तिथेच दुरुस्त कराव्यात. आमच्या अर्जदारांत दोन फिटर आणि एक मोबाईल दुरुस्त करणारा आहे. त्यांचे हात यापेक्षा अवघड कामे रोज करतात.

बॅटरीचे भय तर आम्ही स्वतः घातले. या लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या आणि जोरदार असतात, पण ठोका बसला किंवा जास्त भरल्या तर पेट घेतात, आणि ती आग पाण्याच्या शिंतोड्याने भागत नाही. एका घटाला ४.२ व्होल्टच्या वर भरायचे नाही. आगीला टिकणाऱ्या पिशवीतच भरायच्या, कोणीतरी समोर बसलेले असताना, दाराजवळ, वाळूच्या बादलीशेजारी. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, मग ती कितीही महाग असो. ही एक अट मोडली तरी हॉल बंद, असे लेखी दिले आहे.

गालिच्याचे गणित असे बसले. ८ मीटर रुंदीत २ मीटर पन्ह्याचे चार पट्टे, प्रत्येकी १४ मीटर. म्हणजे ११२ चौरस मीटर. एक गुंडाळी १७ किलोंच्या आसपास. एवढ्या जागेत मोठ्या गाड्यांना श्वास घेता येणार नाही, तेव्हा एक द्वादशांशाच्या किंवा त्याहून लहान गाड्याच धराव्यात आणि एका फेरीत पाच-सहापेक्षा जास्त सोडू नयेत. कॅरमची बोर्डे भिंतीला उभी राहतील. बुवांचे भजन संध्याकाळी सातला, म्हणून शर्यत चारला संपेल आणि पाचला जमीन मोकळी झाली पाहिजे.

आणि चार पट्टे असल्याने चालकांचे चार गट पाडायचे ठरले. पहिल्या फेरीचा गट तो पहिल्या पट्ट्याचा, दुसरीचा दुसऱ्याचा, याप्रमाणे. प्रत्येक गुंडाळीवर रंगाने क्रमांक घातला आहे. ज्या गटाचा पट्टा सकाळी अंथरला गेला नाही त्या गटाची फेरी सुटणार नाही, कारण त्या जागी जमीनच उघडी असेल. संध्याकाळी शेवटची शर्यत संपली की आधी कडेच्या पट्ट्या, मग चिकटपट्टी, मग चौथा पट्टा, तिसरा, दुसरा, पहिला. पुठ्ठ्याच्या नळीवर केस बाहेर ठेवून गुंडाळायचे, दोघांनी दोन टोके धरून, मध्ये एकाने हात फिरवीत कचरा झाडायचा. एका तरुणाने विचारले, कार्यकारिणीतल्या कोणी गाडी चालविली तर त्यांनाही पट्टा उचलावा लागेल काय? नोंदवहीत 'होय' असे लिहिले आहे.

जाड गालिचा विकत घेण्याइतके पैसे अजून जमलेले नाहीत. म्हणून येत्या १५ तारखेच्या रविवारी मांडवाच्या पातळ पट्ट्यांवरच चाचणी आहे. सकाळी सातला दार उघडेल. कोणाला पाहायला यायचे असेल त्याने खुशाल यावे; सातला आलात तर झाडूही मिळेल.